चाकासाठी जागा : मोटारीचे मडगार्ड कापणे व पुन्हा सांधणे

रोआल आमुंडसेन १९११ साली दक्षिण ध्रुवावर पोहोचला तो कुत्र्यांनी ओढलेल्या घसरगाड्यांच्या साह्याने. १९५८ च्या जानेवारीत एडमंड हिलरी तेथे गेला तो शेतीच्या ट्रॅक्टरांवर पट्टे चढवून. पुढे २०१० च्या नोव्हेंबरात आठ भारतीयांची एक तुकडी, रसिक रवींद्र यांच्या नेतृत्वाखाली, अंटार्क्टिकातील ‘मैत्री’ या भारतीय तळावरून निघाली आणि दोन हजारांहून अधिक किलोमीटरांचे हिमाच्छादित पठार ओलांडून ध्रुवावर पोहोचली. रवींद्र हे त्या वेळी गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन केंद्राचे संचालक होते. या तुकडीला कुत्रे लागले नाहीत, पट्टेही लागले नाहीत. तिने वापरल्या त्या चार रबरी चाकांवर धावणाऱ्या मोटारी. आइसलंड या देशातील कारखान्यात त्यांचे रूपांतर करण्यात आले होते.

अशी मोटार दुरून पाहिली तर प्रथम नजरेत भरतात तिची प्रचंड चाके. बारकाईने पाहणाऱ्याला आणखी एक गोष्ट दिसते. चाकाभोवतीचा पत्रा, म्हणजे ज्याला आपण मडगार्ड म्हणतो तो भाग, मूळचा राहिलेला नसतो. तो कापून मागे सारलेला, आतल्या पत्र्याशी पुन्हा सांधलेला आणि वरून रुंद झापेने झाकलेला असतो. एवढा खटाटोप कशासाठी, आणि तो करताना काय सांभाळावे लागते, हे येथे पाहावयाचे आहे.

हिमावर चाक का रुतते

आइसलंडचा सुमारे दहावा भाग हिमनद्यांनी व्यापलेला आहे. उरलेल्या मुलखाच्या अंतर्भागात लाव्हाचे खडक, काळी वाळू आणि पूल नसलेल्या नद्या. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे जीपगाड्यांचा वापर वाढला, परंतु हिवाळ्यातील मऊ बर्फापुढे त्यांचे काही चालेना. १९८० नंतरच्या दशकात तेथील हौशी वाहनचालकांनी मोठ्या व्यासाचे टायर बसवून त्यांतील हवा जवळजवळ सोडून दिली. तेव्हा असे आढळले की, ज्या बर्फात माणूस गुडघ्यापर्यंत रुततो त्यावरून दोन टनांची मोटार तरंगत जाते.

यात चमत्कार काही नाही, साधा भागाकार आहे. समजा, मोटारीचे वजन २,४०० किलोग्रॅम आहे आणि टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलोग्रॅम आहे. तर भार पेलण्यासाठी चारही टायरांचा मिळून १,२०० चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकला पाहिजे. म्हणजे प्रत्येक चाकामागे ३०० चौरस सेंटिमीटर, एखाद्या पोस्टकार्डाच्या दुपटीहून किंचित कमी. आता हवा सोडून दाब दहाव्या हिश्शावर, ०.२ किलोग्रॅमवर, आणला तर टेकणारे क्षेत्र दहापट, म्हणजे दर चाकामागे ३,००० चौरस सेंटिमीटर व्हावयास हवे. प्रत्यक्षात हे गणित पुरतेपणी उतरत नाही, कारण टायरच्या भिंती काही भार स्वतःच पेलतात. तरी दिशा तीच राहते. सत्तर किलोग्रॅम वजनाचा माणूस चालताना एका पावलावर सारा भार टाकतो. त्याच्या बुटाचा तळ २०० चौरस सेंटिमीटर धरला, तर त्याचा दाब ०.३५ किलोग्रॅम येतो. मोटारीचा दाब त्याहून कमी आहे, म्हणून ती वर राहते आणि माणूस खाली जातो.

परंतु ३,००० चौरस सेंटिमीटर टेकवावयाचे तर टायरही तेवढा मोठा हवा. लहान टायरची हवा सोडली की तो चेपतो, त्याच्या भिंतींना घड्या पडतात आणि रिम जमिनीला लागते. शिवाय टायर नुसता रुंद करून भागत नाही. रुंद पण ठेंगणा टायर पुढचा बर्फ नांगराच्या फाळासारखा ढकलीत राहतो. व्यास मोठा असला म्हणजे टेकणारा पट्टा लांब होतो आणि चाक बर्फावर हळूहळू चढते. म्हणूनच मूळ ३१ इंच, म्हणजे सुमारे ७९ सेंटिमीटर, व्यासाच्या टायरांच्या जागी ३८ इंच आणि ध्रुवीय प्रवासासाठी ४४ इंच, म्हणजे ११२ सेंटिमीटर, व्यासाचे टायर घालण्याची प्रथा पडली.

उचलावे की कापावे

आता अडचण उभी राहते ती जागेची. चाकाचा व्यास ३३ सेंटिमीटरने वाढला म्हणजे आसापासून टायरच्या कडेपर्यंतचे अंतर साडेसोळा सेंटिमीटरने वाढले. आसाच्या वर तेवढी वाढ, पुढे तेवढी आणि मागेही तेवढीच.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे मोटारीचे अंग वर उचलणे. स्प्रिंगा उंच कराव्यात, किंवा चासी आणि वरचा सांगाडा यांच्यामध्ये ठोकळे घालावेत. हा उपाय सोपा, स्वस्त, आणि पत्र्याला हातही लावावा न लागणारा. आपल्याकडेही हौशी मंडळी प्रथम त्याच्याच मागे लागतात. त्यातील उणीव मात्र साध्या भूमितीने उघड होते.

समजा, मूळ मोटारीत मडगार्डच्या कमानीची खालची टोके आसाच्या पातळीवर आहेत आणि त्यांच्यामधील अंतर ९१ सेंटिमीटर आहे. ७९ सेंटिमीटरचे चाक त्यात पुढेमागे सहा-सहा सेंटिमीटर मोकळे राहते. आता ११२ सेंटिमीटरचे चाक घालून मोटारीचे अंग तब्बल ३० सेंटिमीटर उचलले, तर कमानीची टोके आसाच्या ३० सेंटिमीटर वर गेली. त्या उंचीवर चाकाची रुंदी किती भरते? त्रिज्या ५६, छप्पन्नच्या वर्गातून तिसाचा वर्ग वजा करून वर्गमूळ घेतले तर सुमारे ४७ येतात. त्याची दुप्पट सुमारे ९५. म्हणजे इतके उचलूनही चाक कमानीत मावत नाहीच. उचलल्याने कमान वर जाते, ती रुंद होत नाही, आणि पुढच्या-मागच्या कडांवर तिचा इलाज चालत नाही.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. मोटार कलंडण्याचा धोका गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधील आडवे अंतर यांवर अवलंबून असतो. आडवे अंतर १५० सेंटिमीटर व गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटर उंचीवर असेल, तर स्प्रिंगांची व टायरांची लवचीकता सोडून दिल्यास मोटार सुमारे ४७ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडेल. मोठ्या टायरांनी आणि उचलण्याने मिळून गुरुत्वमध्य ९५ सेंटिमीटरवर नेला की तोच आकडा ३८ अंशांवर उतरतो. याउलट अंग न उचलता केवळ टायरांमुळे होणारी साडेसोळा सेंटिमीटरांची वाढ पत्करली, चाके बाहेर घेऊन आडवे अंतर १८० केले आणि मडगार्ड कापून जागा काढली, तर तो आकडा पुन्हा ४६ अंशांच्या घरात येतो. हिमनदीच्या कडेकडेने उतरणाऱ्या मोटारीला हे आठ अंश फार मोलाचे असतात. आइसलंडी कारागिरांनी थोडे उचलणे आणि पुष्कळ कापणे हा मार्ग धरला, त्यामागचा हिशेब हा असा आहे.

चाके बाहेर घेण्याचीही किंमत मोजावी लागते. पुढचे चाक वळते ते एका खुंटीभोवती. टायरची बाहेरची कड त्या खुंटीपासून ३० सेंटिमीटरवर असेल आणि चाक ३० अंश वळले, तर टायरचा मागचा कोपरा खुंटीच्या मागे सुमारे ६३ सेंटिमीटरपर्यंत पोहोचतो; सरळ असताना तो ५६ वरच असतो. हीच बाहेरची कड ५० सेंटिमीटरवर नेली, तर कोपऱ्याची मजल ७३ पर्यंत जाते. हा कोपरा जेथे घासतो तेथे नेमका दारापुढचा खांब, पाय ठेवण्याच्या खोलगट भागाचा पत्रा आणि सांगाडा चासीवर टेकविणारा आधार असतो. मोटारीतील सर्वांत मजबूत ठेवावयाचा भाग तोच, आणि सर्वाधिक कापावा लागतो तोही तोच.

मापे घेणे

कुशल कारागीर करवत हाती घेण्यापूर्वी बराच वेळ नुसता पाहण्यात घालवितो. सपाट जमिनीवर उभ्या मोटारीचे माप फसवे असते. म्हणून स्प्रिंगा काढून ठेवतात, नवे चाक बसवितात आणि जॅकने आस वर ढकलीत नेतात, तो स्प्रिंग पूर्ण दबल्यावर जेथे थांबला असता तेथवर. तेथे सुकाणू डावीकडे शेवटपर्यंत, मग उजवीकडे शेवटपर्यंत फिरवून चाक कोठे कोठे लागते ते खडूने पत्र्यावर आखतात. त्यानंतर एक चाक वर आणि दुसरे खाली अशा स्थितीत पुन्हा पाहतात. एक चाक दगडावर चढले म्हणजे अखंड आस तिरका होतो, वर गेलेल्या चाकाचा माथा आत झुकतो आणि सरळ स्थितीत कधीही न लागणाऱ्या आतल्या पत्र्याला जाऊन भिडतो. या रेषांच्या पलीकडे आणखी दोन-तीन सेंटिमीटर मोकळे सोडावे लागतात, कारण टायरच्या खाचांत बर्फ व चिखल भरून तो फुगतो.

एकेरी पत्रा आणि दुहेरी पत्रा

चासीवर वेगळा सांगाडा बसविलेल्या मोटारींत पुढचे मडगार्ड बहुधा बोल्टांनी जोडलेले असते. तो एकेरी पत्रा आहे, त्याच्यावर मोटारीचे बळ फारसे अवलंबून नसते. तो कापला, कड आत वळवून घेतली, म्हणजे काम संपते. कड वळविणे मात्र आवश्यक. कापलेला उघडा पत्रा सुरीसारखा धारदार राहतो, आणि वळलेल्या कडेच्या अभावी लटलट हलून त्याला चिरा पडतात. शिंप्याने कापडाला दुमड घालावी तसेच हे आहे. पत्र्यात टोकदार कोपरा ठेवू नये, गोलाई द्यावी. फाटणे नेहमी कोपऱ्यापासून सुरू होते.

मागचे चाक जेथे बसते तेथील रचना निराळी असते. बंद मोटारीत बाहेरचा पत्रा आणि चाकावरील आतला घुमट हे दोन वेगळे पत्रे असून कमानीच्या कडेवर ते ठिपक्या-ठिपक्यांनी एकत्र जोडलेले असतात. या जोडामुळे दोहोंची मिळून एक पोकळ पेटी होते. पत्र्याची जाडी एक मिलिमीटरहूनही कमी. बळ आहे ते पेटीच्या आकाराचे. कागदाची सपाट पट्टी उभी राहत नाही, तिचीच नळी केली तर पुस्तक पेलते. कमानीची कड कापली म्हणजे नेमका तोच जोड कापला जातो. पेटी उघडी पडते, दोन पत्रे वेगळे होतात, चाकाने उडविलेले पाणी सरळ आतल्या पोकळीत आणि तेथून बैठकीखाली शिरते. बाहेरून रंगवून झापा बसविल्या की हे काहीच दिसत नाही. नुसते कापून थांबणारे पुष्कळ लोक हाच दोष मागे ठेवतात, आणि तो तीन-चार पावसाळ्यांनंतर गंजाच्या रूपाने वर येतो.

योग्य रीत अशी. प्रथम केवळ बाहेरचा पत्रा नव्या रेषेवर कापावयाचा. आतला घुमट त्या रेषेच्या दोन-तीन सेंटिमीटर बाहेर राखून कापावयाचा आणि त्या राखलेल्या पट्ट्याला ठरावीक अंतरावर उभ्या चिरा देऊन जिभा पाडावयाच्या. मग हातोडीने एकेक जीभ बाहेर वळवीत बाहेरच्या पत्र्याला टेकवावयाची. वक्र कडेवर अखंड पट्टा वळत नाही, त्याला चुण्या पडतात. जिभा पाडल्या की तो वळतो. दोन पत्रे एकमेकांत दोन-तीन सेंटिमीटरहून अधिक दूर असतील, तर जिभांवर विसंबू नये, मधली फट भरणारी वेगळी पट्टी कापून बसवावी. अशा रीतीने पेटी पुन्हा बंद होते.

पुढच्या चाकामागील आधाराबाबतही तत्त्व हेच. चासीवरील आधाराचा पुढे आलेला कोपरा तिरका छाटतात, आणि छाटलेल्या तोंडावर जाड पोलादी पट्टी ठेवून चारी बाजूंनी वेल्डिंग करतात. पट्टी न लावता तोंड उघडे सोडले, तर मोटारीचे अंग पेलणाऱ्या त्या आधाराला पुढे चीर जाण्याची भीती असते. पट्टीचे वजन अर्धा किलोग्रॅमसुद्धा भरत नाही; ती टाळण्यास सबब अशी कोणतीच नाही.

पातळ पत्र्याचे वेल्डिंग

कापावयास बारीक दातांची हवेवर चालणारी करवत किंवा पातळ चकतीचे यंत्र वापरतात. वायूच्या ज्योतीने कापणे टाळतात, कारण तिची उष्णता दूरवर पसरते. जोडण्यासाठीही ज्योतीपेक्षा विजेची ठिणगी बरी, तीही पातळ तार आपोआप पुढे सरकविणाऱ्या आणि भोवती आर्गॉन व कार्बन डायऑक्साइड यांच्या मिश्रणाचे आवरण धरणाऱ्या यंत्राची. वायूचे आवरण नसेल तर तापलेल्या धातूला हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन मिळतात आणि जोड सच्छिद्र व ठिसूळ होतो.

पातळ पत्र्याचा खरा शत्रू उष्णता आहे. पोलाद एक अंश तापले की दर दहा लाखांत सुमारे बारा भाग लांब होते. हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु ३० सेंटिमीटरांची कड ५०० अंशांनी तापली, तर ती १.८ मिलिमीटर वाढू पाहते. भोवतालचा थंड पत्रा तिला वाढू देत नाही. मग ती मऊ झालेली कड जागच्या जागी दबून जाड होते. थंड होताना ती आकुंचन पावते, आणि दबलेली असल्यामुळे मूळच्यापेक्षा आखूड होऊन बसते. शेजारच्या पत्र्याला हा ताण लागतो, त्याला पोक येतो आणि बोटाने दाबल्यास तेलाच्या डब्याच्या तळासारखा तो आतबाहेर टकटक वाजतो. एकदा आलेला हा पोक घालविणे महाकर्मकठीण.

म्हणून सलग रेघ ओढीत नाहीत. एक टाका येथे, पुढचा एक वीत दूर, तिसरा पलीकडच्या टोकाला, असे करीत प्रत्येक टाका हाताला सोसवेल इतका निवेपर्यंत थांबून, हळूहळू मधल्या जागा भरतात. या कामात घाई करणारा माणूस टिकत नाही.

कारागिराच्या सुरक्षिततेचाही विचार येथेच केला पाहिजे. अलीकडच्या मोटारींचा बहुतेक पत्रा जस्ताचा थर दिलेला असतो. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि पोलाद वितळते सुमारे १,५०० अंशांना. तेव्हा जोड बसण्याआधीच जस्ताची वाफ होऊन तिचा पांढरा धूर उठतो. तो छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. जोडाभोवतीचा थर आधीच घासून काढावा, काम मोकळ्या हवेत करावे आणि नाकातोंडावर योग्य मुखवटा घालावा. ठिणगीतील अतिनील किरणांनी डोळे भाजतात, म्हणून काळ्या काचेचा पडदा हवाच. शिवाय पत्र्यामागे काय आहे ते पाहिल्यावाचून ठिणगी पाडू नये. इंधनाच्या नळ्या, विजेच्या तारा, बैठकीची गादी आणि आवाज शोषणारे डांबरी अस्तर ही सारी बहुधा त्याच पत्र्यापलीकडे असतात. बॅटरी प्रथमच सोडवून ठेवावी. मागच्या घुमटाजवळ सुरक्षापट्ट्यांचे खिळे बसविलेले असतात. ती जागा कापणीच्या रेषेत येत असेल तर रेषा बदलली पाहिजे.

गंज

जस्ताचा थर पोलादाला दोन प्रकारे राखतो. एक तर तो हवा-पाणी दूर ठेवतो. दुसरे असे की, ओरखडा पडून पोलाद उघडे पडले तरी जस्त स्वतः झिजून पोलादाला वाचविते. वेल्डिंगने तो थर जळून जातो, आणि तोही पेटीच्या आतून, जेथे कुंचला पोहोचत नाही. आइसलंडच्या सागरी हवेत, किंवा कोकणाच्या दमट किनाऱ्यावर, असा नागडा जोड थोड्याच वर्षांत खाल्ला जातो. त्यासाठी जोडावर जस्तयुक्त रंग, त्यावर फटी बुजविणारा लवचीक लांबा, आणि पेटीच्या आत लांब नळीने फवारलेले मेण, असे तीन थर देतात. मूळ पेटीच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी भोके असतात. जिभा वळविताना किंवा लांबा भरताना ती बुजली तर सारे श्रम वाया जातात, कारण आत साचलेल्या पाण्याला मग वाटच राहत नाही.

शेवटी बसवावयाच्या त्या रुंद झापा, बहुधा काचतंतूच्या. त्या शोभेसाठी आहेत असा समज असतो, तो खरा नव्हे. बाहेर आलेले चाक दगड आणि चिखल मागून येणाऱ्याच्या काचेवर फेकते. मडगार्ड या नावातच चिखल आणि रक्षण हे दोन्ही शब्द आहेत. कापून टाकलेल्या पत्र्याचे ते काम झापा करतात.

बाकीचे फेरफार

चाक बदलले म्हणजे मोटारीची इतर गणितेही बदलतात. ३१ ऐवजी ४४ इंची चाक एका फेऱ्यात १.४२ पट अंतर तोडते. काटा ७० किलोमीटर वेग दाखवीत असेल तेव्हा मोटार खरोखर ९९ च्या वेगाने जात असते. त्याच प्रमाणात चाकाशी मिळणारा जोर घटतो, म्हणून आसातील दंतचक्रे बदलावी लागतात. जड चाक थांबविण्यास ब्रेक अधिक लागतात. कमी दाबाच्या टायरची कड रिमवरून निसटू नये म्हणून तिला वेगळी पकड द्यावी लागते. हे सारे न करता केवळ मडगार्ड कापून मोठे टायर बसविलेली मोटार दिसावयास दांडगी आणि चालविण्यास धोक्याची असते.

आइसलंडमध्ये अशी रूपांतरित मोटार खास तपासणीनंतर रीतसर रस्त्यावर चालविता येते. भारतात परिस्थिती वेगळी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशील कारखानदाराने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकास करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच अर्थाचा निर्णय दिला आहे. सार्वजनिक रस्त्यावर नेण्याच्या मोटारीबाबत परिवहन कार्यालयात आधी विचारल्यावाचून कोणी करवत उचलू नये. गंजलेली मूळ कमान कापून तिच्याच मापाची नवी बसविणे हे काम मात्र गावोगावच्या कारखान्यांत रोज चालते, आणि त्यालाही वर सांगितलेले बहुतेक सर्व लागू पडते : दोन्ही पत्रे ओळखणे, पेटी बंद करणे, टाके निवू देणे, मेण फवारणे.

काम झाल्यावर तपासणी करण्याची एक सोपी युक्ती आहे. बैठक व अस्तर पुन्हा बसविण्यापूर्वी आतल्या बाजूने जोडाच्या कडेने कोरड्या खडूची भुकटी लावावी आणि बाहेरून चाकाच्या घुमटात पाण्याची नळी जोराने सोडावी. फट राहिली असेल तेथे भुकटी ओली होऊन काळपट दिसते. तेवढी जागा पुन्हा घासावी, टाका घालावा, लांबा भरावा, आणि नळी पुन्हा सोडून पाहावी.